मदत हवी आहे: जेरी फोडरची 'विचारांची भाषा' कशी मांडावी?

जेरी फोडर (१९३५–२०१७) या तत्त्वज्ञावर वीस मिनिटांचं टिपण वाचायचं आहे. तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

'विचारांची भाषा' म्हणजे आपण मनात मराठी बोलतो तेच का? १९८३ च्या पुस्तकात तो मनाच्या कप्प्यांबद्दल (एकेकच काम करणाऱ्या, बाकी मनापासून तुटलेल्या यंत्रणांबद्दल) लिहितो आणि २००० च्या पुस्तकात कप्पेवाल्यांनाच झोडपतो, मग मत बदललं का? आणि वाचायचं कोणत्या क्रमाने?

प्रतिसाद १

नाही, ते नव्हे. गडबड नेहमी इथेच होते. 'मी तुला धावताना पाहिलं' हे वाक्य घ्या. धावत कोण होतं, मी की तू? वाक्य एक, विचार दोन. बोलणाऱ्याच्या मनात मात्र घोळ नसतो. म्हणजे विचार मराठीत नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी चिन्हांत चालतो.

दुसरा मुद्दा १९८८ च्या लेखातला, झेनन पिलिशिन या सहलेखकाबरोबरचा. 'मांजर उंदरामागे धावतं' असा विचार ज्याला करता येतो, त्याला 'उंदीर मांजरामागे धावतो' हाही करता येतो. फोडरच्या मते याचं कारण एकच: विचाराला सुटे भाग असतात आणि ते जागा बदलू शकतात. मन म्हणजे मेंदूतल्या पेशींसारखं जोडलेलं जाळं, असं मानणाऱ्या प्रारूपांवर टीका म्हणून हा लेख लिहिला होता, हे सांगायला विसरू नका. नाहीतर एवढी साधी गोष्ट कशाला सांगताय, असं श्रोत्यांना वाटेल.

प्रतिसाद २

मत बदललेलं नाही. १९८३ मध्येही कप्पे फक्त आत येणाऱ्या माहितीसाठी होते: बघणं, ऐकणं, वाक्य उलगडणं. मत बनवणं त्यात नव्हतंच. पुढे मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर वगैरेंनी अख्खं मनच कप्प्यांचं ठरवलं, त्याला २००० चं उत्तर आहे.

कप्पा बंद असतो म्हणजे काय, हे दाखवायला फळ्यावर दहा-दहा सेंटिमीटरच्या दोन रेघा काढा. एकीच्या टोकांना बाणाची टोकं आत वळवा, दुसरीच्या बाहेर. पट्टीने मोजून दाखवा. समान आहेत हे कळल्यावरही एक लांबच दिसते, कारण पट्टीचं ज्ञान डोळ्याच्या कप्प्यात शिरत नाही. मोजण्याआधी उत्तर सांगू नका, मजा जाते.

प्रतिसाद ३

१९७५ च्या मूळ पुस्तकापासून सुरुवात करू नका, जड आहे. आधी १९८७ च्या 'सायकोसिमँटिक्स'चं परिशिष्ट वाचा. त्यात एक काल्पनिक 'आंटी' फोडरशी हुज्जत घालते, त्यामुळे आक्षेप आपोआप समजतात. मग १९८३ चं पुस्तक, मग १९७५ चं.

संकल्पना जन्मजात असतात हा फोडरचा दावा शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठेवा. आधी काढलात तर चर्चा तिथेच रुतेल. 'दाराची मूठ' ही संकल्पनाही जन्मजात कशी असेल, यावर त्याने १९९८ मध्ये स्वतःच डोकं खपवलं आहे.

कारकीर्द दोन ओळींत: प्रिन्स्टनला पीएचडी, १९८६ पर्यंत एमआयटी, मग न्यूयॉर्क सिटी युनिव्हर्सिटी, १९८८ पासून रटगर्स विद्यापीठ.

अवांतर: डार्विनवरचं २०१० चं पुस्तक टाळा. त्याचा वाद वेगळाच आहे, वीस मिनिटं तोच खाईल.