मदत हवी आहे: पेंड कमी करून अझोला आणि सुबाभळीचा पाला घातला तर माशांची वाढ टिकेल का?

नमस्कार मंडळी,
तळ्यात रोहू, कटला आणि थोडे गवत्या (ग्रास कार्प) आहेत. सध्या शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मानिम्मा मिसळून गोळे करून देतो. मत्स्यपालनाचा निम्म्याहून जास्त खर्च खाद्यावरच होतो, आणि त्यातला मोठा वाटा पेंडीचा. म्हणून निम्मी पेंड काढून तिथे वाळवलेला अझोला (पाण्यावर तरंगणारं छोटं नेचं) आणि सुबाभळीचा पाला घालायचा विचार आहे.

पेंडीत सुमारे ४२ टक्के प्रथिनं, कोंड्यात १२-१३, म्हणजे आत्ता मिश्रणात २७ च्या आसपास. पाल्यात २३ धरली तर बदलानंतर जेमतेम साडेबावीस उरतात. ही तूट स्वस्तात कशी भरू? शिवाय गोळे पाण्यात पडले की लगेच विरघळतात आणि तळ गढूळ होतो. कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

उत्तर:
पाला पेंडीच्या जागी नको, कोंड्याच्या जागी घाला. शेंगदाणा पेंड ३५, तीळ पेंड १०, अझोला २०, कोंडा ३५ असं धरा, प्रथिनं पुन्हा २७ च्या वर येतात. तीळ मुद्दाम सुचवतोय, कारण शेंगदाण्यात मेथिओनिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) कमी आणि तिळात ते चांगलं असतं. लायसीन हा तसाच दुसरा घटक मात्र दोन्हींत कमीच. तळ्याचं पाणी हिरवट असेल तर प्लवकातून (पाण्यातल्या सूक्ष्म जीवांतून) मासा ते बरंचसं मिळवतो, त्यामुळे पाण्याकडे लक्ष ठेवा.

सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं. पाला दोन दिवस भिजवून ते पाणी फेकून द्या, मग वाळवा, आणि तरीही थोडाच वापरा. पेंड फोडल्यावर आत हिरवट बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर ती घेऊच नका. त्या बुरशीचं विष, अफलाटॉक्सिन, उकळून जात नाही.

आणि एक, ओल्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. शंभर किलो वाळवून हाती पाच-सात किलो येतो. एवढी मेहनत कशाला? गवत्याला तो ताजाच टाका, तो आवडीने खातो आणि रोहूच्या वाट्याचे गोळे वाचतात. खरी बचत मला इथेच दिसते.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार! ताजा टाकायचं डोक्यातच आलं नव्हतं. गोळे टिकावेत म्हणून कोंडाच शिजवून घेतला तर चालेल का?

उत्तर:
कोंड्याला पुरेसा चिकटपणा येत नाही. गव्हाच्या किंवा टॅपिओकाच्या पिठाची खळ करा, शंभर किलोला पाच किलो पीठ. पेंड आधी बारीक दळून घ्या, भरड राहिली तर गोळा तिथूनच फुटतो. वाळलेला एक गोळा ग्लासभर पाण्यात सोडा, अर्धा तास तरी आकार धरून राहिला पाहिजे.