चेन, चॅन, टॅन आणि त्रान

सिंगापूरचं टॅन आणि हाँगकाँगचं चॅन या आडनावांचा काही संबंध आहे का, असा प्रश्न पडतो. नक्कीच आहे! दोन्हींचं चिनी लिपीतलं चिन्ह एकच, फक्त उच्चार वेगळे; बीजिंगकडे त्याला चेन म्हणतात.

मूळ सध्याच्या हनान प्रांतातल्या ह्वाययांगला. प्राचीन झोऊ घराण्याचा राजा वू याने दंतकथेतल्या सम्राट शुनचा वंशज मानल्या गेलेल्या मान याला तिथे चेन नावाचं राज्य दिलं. इ.स.पू. पाचव्या शतकात छू राज्याने ते गिळलं, पण नाव आडनावात टिकलं. तरी सगळे चेन एका रक्ताचे नव्हेत. उत्तर चीनमधल्या उत्तर वेई राजवटीत होउमोचेन या बिगर-हान (म्हणजे बहुसंख्य चिनी नसलेल्या) कुळानेही हेच आडनाव लावलं.

खरा पसारा मात्र दक्षिणेतला. सातव्या शतकात चेन युआनग्वांग या सेनानीने फूज्यान प्रांतात जांगजोऊ वसवलं. तिथे आणि तैवानात आजही त्याची देव म्हणून पूजा होते. तैवानात तर हे सर्वांत मोठं आडनाव. १२२५ मध्ये व्हिएतनामच्या गादीवर आलेल्या त्रान (याच चिन्हाचा व्हिएतनामी उच्चार) घराण्याचे पूर्वजही फूज्यानचेच.

दक्षिण चीनमधल्या ग्वांगजोऊला गेलात तर चेन कुळाने वर्गणी काढून बांधलेली, १८९४ मध्ये पुरी झालेली वास्तू बघाच. आढ्यावर रंगीत मातीची शिल्पं ओळीने बसवली आहेत. गावोगावची चेन मुलं सरकारी परीक्षेला आली की इथेच उतरायची.