कॅसिनोत दुसऱ्याचं काही मागे राहिलं तर हात लावायचा का?

तिरफळ (प्रश्न)
पुढच्या महिन्यात आम्ही सहा जण पणजीला मांडवीवरच्या कॅसिनो बोटीवर जाणार आहोत. चौघांची पहिलीच वेळ. खेळांचे नियम जालावर पुष्कळ सापडले, पण एका बाबतीत धड माहिती नाही. शेजारचा खेळाडू उठून गेला आणि त्याचं काही मागे राहिलं तर काय करायचं? रूलेटच्या (फिरत्या चाकात चेंडू सोडून आकडा काढायचा खेळ) पटावर विसरलेली चिप (पैशांऐवजी वापरायची चकती), जमिनीवर पडलेली चिप, स्लॉट मशीनमधले शिल्लक पैसे, फोन, पाकीट, असं काहीही. आणि खुर्चीवर नुसतं जॅकेट असेल तर ती जागा धरलेली समजायची का? वस्तू उचलून मालकामागे धावत जाऊन द्यावी, असं आमच्यातल्या एकाचं मत आहे. जाणकारांनी सांगावं.

कोकणकडा
धावत जाऊ नका. मनात काहीही असो, छतावरच्या कॅमेऱ्यात एवढंच दिसतं की एकाने दुसऱ्याची चिप उचलली आणि टेबल सोडलं. जागेवरूनच हाक मारा, डीलरला (टेबलावर खेळ चालवणारा कर्मचारी) सांगा, हात आपल्यापाशी ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ रूलेटवर होतो. एका आकड्यावर लावलेली चिप लागली की डीलर ३५ पट पैसे खेळाडूकडे सरकवतो, पण मूळ चिप पटावर त्याच आकड्यावर राहते. नवखा माणूस समोरचा ढीग उचलून खुशीत निघून जातो. राहिलेली चिप कोणी काढली नाही तर पुढच्या फेरीत लावलेलीच धरली जाते. अशा वेळी शेजाऱ्याने "अहो, तुमची राहिली" म्हणत ती उचलली की पंचाईत. निकालानंतर पटावरच्या चिप्स काढणं किंवा सरकवणं ही या खेळातली सगळ्यात जुनी लबाडी, आणि पाळत ठेवणारे नेमकं तेच शोधत असतात. तेव्हा बोट पटाला न लावता लांबून दाखवा आणि चेंडू फिरायच्या आत सांगा. डीलरने "नो मोअर बेट्स" (आता लावणं बंद) म्हटल्यावर सांगितलं तर ती चिप त्या फेरीत खेळली जाणारच.

रूलेटच्या रंगीत चिप्स खाली पडलेल्या मिळाल्या तर त्यांचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. त्यांच्यावर किंमत नसते. एका खेळाडूला एक रंग, किंमत चिप्स घेताना ठरते, आणि टेबल सोडण्याआधी त्याच टेबलावर त्या किमतीच्या चिप्समध्ये बदलून घ्यायच्या असतात. कॅशियर त्या घेत नाही, टेबलाकडे परत पाठवतो.

पत्त्यांच्या टेबलावर रिकाम्या खुर्चीसमोर एखादीच चिप दिसली तर ती कदाचित डीलरला ठेवलेली टिप असेल. डीलर ती टेबलाच्या कडेवर किंवा डब्यावर टकटक वाजवून टिपच्या डब्यात टाकतो. तो आवाज वरिष्ठांना कळावं म्हणूनच असतो.

सांजसावली
स्लॉटचं मी सांगते. अमेरिकेत राहणाऱ्यांना हे जास्त लागू, पण पद्धत सगळीकडे साधारण सारखी.

पडद्यावर शिल्लक दिसते आणि खुर्ची रिकामी आहे. तर खेळाचं बटण दाबू नका आणि पैसे बाहेर काढायचं बटणही दाबू नका. लोकांना वाटतं शिल्लक रकमेचं तिकीट (जे काउंटरवर देऊन रोख मिळते) काढून काउंटरवर दिलं की झालं. पण तिकिटावर बारकोड असतो, ते कुठल्या मशीनमधून किती वाजता निघालं याची नोंद होते आणि चित्रीकरणात बटणावर हात तुमचा दिसतो. त्याऐवजी मशीनवरचं मदतीचं बटण दाबा, डोक्यावरचा दिवा लागतो आणि कर्मचारी येतो. त्यालाच तिकीट काढू दे. तोवर दोन पावलं बाजूला उभं राहायचं.

मालक नुसता प्रसाधनगृहात गेलेला असण्याची शक्यता खूप. उलटी करून ठेवलेली खुर्ची, बटणावर ठेवलेला ग्लास, आत तसंच राहिलेलं सदस्यकार्ड, या परत येण्याच्या खुणा. कार्ड आत असताना तुम्ही खेळलात तर गुण त्याच्या खात्यात जातात, आणि मोठं बक्षीस लागलं तर कोणाचं यावरून वाद. कार्ड काढलंच तर मशीनवर सोडू नका, कर्मचाऱ्याच्या हातात द्या.

लास वेगासमध्ये शिल्लक शोधत मशीनमागून मशीन फिरणारे लोक असतात. कॅसिनोवाले त्यांना बाहेर काढतात आणि पुन्हा प्रवेश बंद करतात. "नाहीतरी कॅसिनोच्याच घशात जाणार" हा युक्तिवादही पूर्ण खरा नाही. नेवाडात (लास वेगास याच राज्यात) २०११च्या कायद्यानुसार मुदत संपलेल्या, न वटवलेल्या तिकिटांच्या रकमेतले ७५ टक्के राज्याच्या तिजोरीत जातात.

गुळपोळी
जमिनीवरच्या १०० रुपयांच्या चिपसाठी एवढा खटाटोप? रस्त्यात नाणं सापडलं तर आपण पोलीस शोधतो का?

काळा_कोट
नाण्याचं उदाहरण बरोबर घेतलंत, ते कायद्यातच आहे :) रस्त्यात पडलेला रुपया कोणाचा हे माहीत नसताना उचलला तर गुन्हा नाही. पण मालक कोण हे कळण्याची वाजवी साधनं हाताशी असताना वस्तू आपल्याकडे ठेवली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू होऊ शकतं. किमान ६ महिने, कमाल २ वर्षं कैद आणि दंड. पूर्वीच्या दंडसंहितेतल्या कलम ४०३मध्ये किमान शिक्षा नव्हती आणि नुसत्या दंडावरही सुटता येत होतं.

हमरस्त्यावर साधन नसतं. कॅसिनोत चार पावलांवर माणूस उभा असतो आणि डोक्यावर कॅमेरा. "मालक कसा शोधणार होतो?" हे तिथे कोण ऐकून घेणार?

सापडलेली वस्तू ताब्यात घेतलीच, तर करार कायदा, १८७२च्या कलम ७१प्रमाणे तुमची जबाबदारी निक्षेप घेणाऱ्यासारखी (दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्यासारखी) होते, म्हणजे नीट सांभाळणं आलं. म्हणून जमिनीवरची चिप उचलू नये. पाय तिच्याशेजारी ठेवा (वर नको, लपवल्यासारखं दिसतं) आणि फ्लोअर मॅनेजरला बोलवा.

रानमोगरा
खुर्चीचं: एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आपण माणसं, त्यामुळे जॅकेट बघितलं की आपोआप मान देतो. टेबलावर मात्र जॅकेटचा शब्द चालत नाही, डीलरचा चालतो. जाणाऱ्याने त्याला सांगितलं असेल तर तो जागेवर खूण ठेवतो. खूण नसेल तर विचारा, "ही जागा मोकळी आहे का?" जॅकेट स्वतः हलवू नका, खिशात काय आहे तुम्हाला माहीत नसतं आणि नंतर पैसे कमी निघाले की पहिलं नाव तुमचं.

फोन आणि पाकीट: उघडायचं नाही, आतलं ओळखपत्र बघायचं नाही. गोव्यात प्रवेशालाच ओळखपत्र दाखवून नोंद होते, त्यामुळे स्वागतकक्षाला माणूस शोधणं सोपं जातं. देताना वेळ आणि टेबल सांगा. पाकीट असेल तर पैसे त्यांनी तुमच्यासमोर मोजून लिहावेत असा आग्रह धरा. आणि पुरावा म्हणून टेबलाजवळ मोबाइलवर फोटो काढू नका, तिथे छायाचित्रणाला बंदी असते.

बेवारस बॅग असेल तर वेगळं प्रकरण. हलवूसुद्धा नका, थेट सुरक्षारक्षक.

तिरफळ
सगळ्यांचे आभार. एक राहिलं. पॅकेजमध्ये मिळणाऱ्या एकदाच खेळायच्या चिप्स, ज्यांचे रोख पैसे मिळत नाहीत, त्या निघताना कोणी "घ्या, तुम्ही खेळा" म्हणून दिल्या तर?

कोकणकडा
स्वतः हातात दिल्या तर विसरलेली वस्तू नाही, पण बहुतेक ठिकाणी त्या चिप्स ज्याच्या पॅकेजच्या त्यानेच खेळायच्या असतात. लावण्याआधी डीलरला मोठ्याने विचारा. तो नाही म्हणाला तर तिथेच त्याच्याकडे सरकवून मोकळे व्हा.