नवी मुंबई अजून 'सॅटेलाइट सिटी' कशी काय?

वाशीकर:
परवा एका बिल्डरच्या जाहिरातीत परत तेच, 'मुंबईचं सॅटेलाइट शहर', म्हणजे मुंबईच्या जिवावर तिच्याभोवती फिरणारं गाव. डोकंच फिरलं. अहो 1992 पासून आमची स्वतःची महापालिका आहे, स्वतःचं मोरबे धरण आहे, एपीएमसीचा घाऊक बाजार इथे आहे म्हणजे दादरच्या माणसाच्या ताटातला कांदा-बटाटासुद्धा आमच्याकडून जातो, आता तर एअरपोर्टही झालाय. मग कोण कोणाभोवती फिरतंय?

हार्बरचा_प्रवासी:
कौतुक पुरे. सकाळी 8 ची सीएसएमटी लोकल नेरुळहून पकडून दाखवा, बॅग पुढे छातीशी धरून एका पायावर उभं राहायचं, मग कळेल कोण फिरतंय ते. मंत्रालय तिकडेच, हायकोर्ट तिकडेच. बेलापूरला कोकण भवन हे विभागीय सरकारी ऑफिस दिलं आणि गप्प बसवलं.

ऐरोली_सेक्टर_8:
@हार्बर तुम्ही एकच लाइन बघताय. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बरला या ना सकाळी, ऐरोली-घणसोलीला अर्धी गाडी रिकामी होते, सगळे डोंबिवली-कल्याणवरून इकडे आयटी पार्कात येणारे. उपनगराला स्वतःची उपनगरं असतात का?

जुना_नकाशा:
मुळात 1965 ला चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या आर्किटेक्ट-इंजिनियर मंडळींनी नवी मुंबईचा जो प्लॅन मांडला त्यात झोपायला गाव असं नव्हतंच, नोकऱ्या आणि सरकारी ऑफिसं खाडीपलीकडे न्यायची होती. हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको निघाली 1970 ला, आणि त्याच वेळी सरकार नरिमन पॉइंटला भराव टाकून ऑफिसांचे प्लॉट विकत होतं! मग कंपन्या बेलापूरला कशाला येतील? सॅटेलाइट आपण झालो नाही, आपल्याला केलं.

खारघरवाली:
वाशीकर दादा, मोरबेचं पाणी तुम्हाला लखलाभ, आम्ही पनवेल पालिकेत, हेटवणे धरणाच्या पाण्यावर. मे महिन्यात टँकरवाल्याचा नंबर स्पीड डायलवर असतो. 'स्वयंपूर्ण' म्हणताना कुठपर्यंतची नवी मुंबई ते सांगत जा जरा.

उलव्याचा_आगरी:
वाचतोय सगळं. 95 गावांची जमीन घेतली तेव्हा ना सॅटेलाइट विचारलं ना ट्विन सिटी. 1984 ला जासईच्या आंदोलनात 5 जणांचे जीव गेले, आमचे नेते दि. बा. पाटील उभे राहिले म्हणून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट तरी मिळाले. तुमचा वाद मुंबई मोठी की वाशी मोठी, आमच्या गावठाणातली घरं अजून 'अनधिकृत'च.

वाशीकर:
तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण तो सिडकोशी भांडायचा वेगळा विषय झाला ना.

उलव्याचा_आगरी:
वेगळा कसा? शहर कुणासाठी वसवलं याचीच चर्चा चाललीय ना इथे?