चार महिन्यांच्या तपासणीत शेंगदाणा: कोणाची टेस्ट करायची, कोणाला थेट द्यायचा?

प्रश्न: बालरोग_जर्सी (न्यू जर्सी)

शेंगदाण्याची ॲलर्जी टाळण्यासाठी बाळांना तो लवकर भरवायला सांगणारी एनआयएआयडीची (अमेरिकी सरकारची ॲलर्जी व संसर्गरोग संस्था) २०१७ ची मार्गदर्शिका आमच्या क्लिनिकमध्ये नीट लागू करायची आहे. कागदावर तीन गट सोपे दिसतात. तीव्र एक्झिमा (कोरडा, खाजरा त्वचारोग) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना आधी तपासून ४ ते ६ महिन्यांत, सौम्य-मध्यम एक्झिमा असलेल्यांना ६ महिन्यांच्या सुमारास घरीच, बाकीच्यांना घरच्या आहारासोबत. पण 'तीव्र' कुठून सुरू होतं यावर आम्हा डॉक्टरांत एकमत होत नाही, आणि ॲलर्जिस्टची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत बाळ आठ-नऊ महिन्यांचं होतं. शिवाय मराठी कुटुंबांकडे पीनट बटर नसतं, दाण्याचं कूट असतं. त्यांना माप काय सांगावं?

उत्तर १: त्वचा_आणि_ॲलर्जी

नुसती लाली पाहून तीव्रता ठरवू नका. मॉइश्चरायझर नीट लावूनही प्रिस्क्रिप्शनचं स्टेरॉइड मलम किंवा टॅक्रोलिमससारखं औषध वारंवार लागतंय, पुरळ हटत नाही किंवा पुन्हा पुन्हा उसळतं, तर तो तीव्र. आपल्या सावळ्या बाळांत इथेच चूक होते, कारण लाली दिसतच नाही. सगळे कपडे उतरवा, गाल, दंड आणि पायांच्या बाहेरच्या बाजूंवरून हात फिरवा. राखाडी-तपकिरी चट्टे, बोटांना खरखरीत लागणारं बारीक पुरळ, जाड झालेली कातडी शोधा. डायपरखालची कातडी बहुधा साफ असते, तिच्याशी तुलना केली की फरक लगेच कळतो.

एक्झिमाची नोंद आणि उपचार दोन महिन्यांच्या व्हिजिटलाच सुरू करा. म्हणजे चार महिन्यांना निर्णय घ्यायला माहिती हाताशी असते. रक्ततपासणी फक्त शेंगदाण्याच्या आयजीईची (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडाची). 'फूड पॅनल' (एकदम अनेक पदार्थांची तपासणी) अजिबात मागवू नका. जे पदार्थ बाळाला बाधणार नाहीत तेही त्यात पॉझिटिव्ह येतात, मग घरातले लोक दूध, गहू, अंडं सगळंच बंद करतात. आयजीई ०.३५ (kUA/L) च्या खाली असेल तर दाणे सुरू करा. ०.३५ किंवा वर असेल तर ॲलर्जिस्टकडे पाठवा, पण चार्टवर 'शेंगदाण्याची ॲलर्जी' असं लिहू नका. ती संवेदनशीलता आहे (रक्तात प्रतिपिंडं दिसतात, पण खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही), निदान नव्हे.

रेफरलवर वय, एक्झिमाची तीव्रता आणि आयजीईचा आकडा पहिल्या ओळीत लिहा आणि स्वतः फोन करा. त्वचाचाचणीत (कातडीवर दाण्याचा अर्क टोचून) उठलेली गाठ ० ते २ मिमी असेल तर देता येतं, ३ ते ७ ला देखरेखीखाली, ८ किंवा जास्त असेल तर ॲलर्जी असण्याची शक्यता दाट. घाई का करायची, तर बाळांना लवकर दाणे देऊन पाहणाऱ्या लीप (LEAP) अभ्यासात (२०१५, ६४० बाळं) त्वचाचाचणी किंचित पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी दाणे टाळणाऱ्यांत पाच वर्षांच्या वयाला ३५.३ टक्क्यांना ॲलर्जी निघाली, खाणाऱ्यांत १०.६ टक्क्यांना. अपॉइंटमेंटच्या रांगेत ज्यांचे महिने जातात ती हीच बाळं.

उत्तर २: आहार_आणि_बाळ

कुटाचं माप: एका वेळी २ ग्रॅम प्रथिनं, आठवड्यातून तीनदा. त्यासाठी साधारण ८ ग्रॅम कूट, म्हणजे अडीच चहाचे चमचे. गुळगुळीत पीनट बटर असेल तर दोन चमचे, त्यात दोन-तीन चमचे गरम पाणी घालून पातळ करायचं आणि निववून द्यायचं.

खिचडीसाठी केलेलं जाडसर कूट चालत नाही, कण घशात अडकतात. दाणे भाजून, सोलून, अगदी बारीक दळून मैद्याच्या चाळणीतून चाळायला सांगा. थोडंच करा, लवकर खवट होतं. नाचणी सत्त्व किंवा मऊ भातात मिसळताना वाडगा लहान घ्या. मोठ्या वाडग्यात मिसळलं आणि बाळाने अर्ध टाकलं, तर किती पोटात गेलं ते कळत नाही. अख्खे किंवा भरडलेले दाणे, चिक्की, घट्ट पीनट बटरचा गोळा नको. दाण्याच्या आमटीत तिखट-मीठ असतं, ती यात धरू नका. आणि दाण्याच्या रिफाइंड तेलात प्रथिनं जवळपास नसतात, त्यामुळे 'आम्ही दाण्याच्या तेलातच करतो' याचा इथे उपयोग नाही.

पहिल्यांदा इतर एक-दोन घन पदार्थ पचले की मगच. बाळ ठणठणीत हवं, लसीच्या दिवशी नको (ताप किंवा पुरळ आलं तर कारण कळत नाही). चमच्याच्या टोकावर थोडंसं द्यायचं, १० मिनिटं थांबायचं, मग उरलेलं, त्यानंतर दोन तास लक्ष ठेवायचं.

बालरोग_जर्सी

धन्यवाद. तोंडाभोवती लाल झालं की आईवडील घाबरून बंद करतात. त्यांना काय सांगायचं?

उत्तर ३: लसीकरण_टेबल

अन्न जिथे लागलं तेवढ्याच भागात लाली, बाळ खेळतंय, धुतल्यावर उतरतं, तर ती बहुधा कातडीची चुरचुर. भरवण्याआधी ओठांभोवती व्हॅसलीन लावायला सांगा. इतरत्र गांधी उठल्या, ओठ सुजले, पुन्हा पुन्हा उलटी झाली, तर भरवणं थांबवून फोन करायचा. खोकला, घरघर, घोगरा आवाज किंवा बाळ मलूल पडलं, तर थेट ९११. क्लिनिकमध्ये अशी तीव्र प्रतिक्रिया आली तर एपिनेफ्रिनचं (तीव्र ॲलर्जीवरचं औषध) इंजेक्शन, ०.०१ मिग्रॅ प्रति किलो, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. डोस प्रत्येक बाळाच्या वजनाप्रमाणे आधीच कागदावर काढून ठेवा.

अमेरिका-कॅनडाच्या ॲलर्जी संघटनांनी २०२१ मध्ये म्हटलंय की टेस्ट अनिवार्य नाही. त्यामुळे रिपोर्टची वाट बघत कुणाला अडकवू नका. खरी गळती पुढे होते: एकदा चाखवलं, काही झालं नाही, मग सगळे विसरतात. ६, ९ आणि १२ महिन्यांच्या टेम्प्लेटमध्ये 'दाणे दिले का?' ऐवजी 'गेल्या आठवड्यात किती वेळा, किती चमचे?' हा रकाना ठेवा. तो नर्सने वजन घेतानाच भरावा, म्हणजे डॉक्टरांचा वेळ जात नाही.