तुरुंगात विपश्यना शिबिर: तयारी काय लागते, उपयोग कसा मोजायचा?

कृष्णाकाठ
आमची संस्था एका कारागृहात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर सुचवणार आहे. तिथे भजन-कीर्तन, रोजे, रविवारची प्रार्थना सगळं चालतं, तरी सुटलेले परत येतातच. अधीक्षकांकडे नेमकं काय मागायचं? इतर धर्मांच्या बंद्यांचं काय? आणि फरक पडला हे दाखवायचं कसं?

गवतीचहा
आधी वेळापत्रक बघा, सगळं अडतं ते तिथेच. शिबिरात पहाटे ४ ला घंटा, ४:३० ला ध्यान, रात्री ९:३० ला दिवे बंद. कारागृहात संध्याकाळी बंद्यांना आत घालून कुलूप लावलं की बराकी सकाळपर्यंत उघडत नाहीत. म्हणून ध्यान, झोप, जेवण, संडास-न्हाणी सगळं एकाच कुलपाआड मागा. बंद्यांची गिनती (मोजणी)ही तिथेच, बसल्या जागी, नावं न पुकारता.

न्यायाधीन (खटला चालू असलेले) बंदी घेतलेत तर पुढचे-मागचे धरून १२ दिवसांत कोर्टाची तारीख नको, व्हिडिओ कॉन्फरन्सवरचीसुद्धा. संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजेवर निघालेला नको. मुलाखत आणि फोन बंद राहणार हे घरच्यांना आधीच कळवा. आई गेटवरून परत गेल्याचं आत कळलं की तो माणूस शिबिर सोडून उठलाच म्हणून समजा. तंबाखू शिबिरात चालत नाही, तेव्हा ती महिनाभर आधीपासून कमी करायला लावा. पहिल्या दिवशी एकदम तोडली की दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात आणि खापर ध्यानावर फोडतात. मनोविकाराच्या गोळ्या चालू असतील तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय नाव घेऊ नका.

जेवण ११ ला. संध्याकाळी ५ ला नव्यांना चहा, फळ, चुरमुरे; जुन्या साधकांना (आधी शिबिर केलेल्यांना) लिंबूपाणी. रात्रीचं जेवण नाही, हे स्वयंपाकघराला लेखी द्या.

आणि शिकवणारे आचार्य दहाही दिवस आतच राहतात. सुरक्षेच्या माणसांना हे पचत नाही. जयपूरला १९७५ मध्ये पहिलं शिबिर झालं तेव्हा बंद्यांना बेड्यांत आणलं होतं. शिकवणारे आचार्य सत्यनारायण गोएंका यांनी त्या काढायला लावल्या. तिथे राजस्थानचे गृहसचिव राम सिंह यांनी स्वतः आधी शिबिर केलेलं होतं, म्हणून गाडी पुढे सरकली. तुम्हीही एकदोन तुरुंगाधिकाऱ्यांना आधी इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात शिबिराला पाठवा. तिहारला एप्रिल १९९४ मध्ये हजारावर बंदी एकत्र बसले होते, पण त्या आकड्याच्या मोहात पडू नका. पंचवीस-तीस पुरेत.

रातराणी
'हे कुठल्याच संप्रदायाचं नाही' एवढं सांगून भागणार नाही. पाली वंदना असते, त्रिशरण असतं, आणि नमाज, जप, माळ, पोथी दहा दिवस बाजूला ठेवावी लागते. हे अर्ज भरून घेतानाच सांगा. रमजान, पर्युषण, आषाढी टाळून तारखा घ्या. नेल्सन मंडेला नियमांतला (बंद्यांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे नियम) ६५ वा नियम दोन्ही बाजूंनी बोलतो: धर्मगुरूची भेट नाकारायची नाही, आणि बंद्याला ती नको असेल तर तेही मानायचं.

माफीचे दिवस (शिक्षेत सूट) किंवा बरी बराक असलं आमिष तर अजिबात नको. अमेरिकेत आयोवातल्या न्यूटन कारागृहात 'इनरचेंज' हा ख्रिस्ती कार्यक्रम सरकारी पैशावर चालायचा. त्यात गेलेल्यांना राहायला चांगला विभाग मिळायचा. २००६ मध्ये न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

हिशेबनीस
त्याच इनरचेंजचा टेक्सासमधला २००३ चा अहवाल वाचा, मोजताना काय करू नये ते कळेल. १७७ जण दाखल, ७५ जणांनी पूर्ण केलं. पूर्ण करणाऱ्यांपैकी दोन वर्षांत ८ टक्के पुन्हा तुरुंगात, तुलनेच्या गटातले २० टक्के. ढोल वाजले. पण दाखल झालेले सगळेच धरले तर २४ टक्के! शिवाय 'पूर्ण केलं' म्हणायला सुटल्यावर तीन महिने नोकरी टिकवणं आणि चर्चला जाणं ही अट होती. नोकरी टिकली तो पास, मग तो परत कशाला येतोय?

तेव्हा पहिल्या दिवशीची यादी कायम ठेवा, मधेच उठलेले त्यातून गाळू नका. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर चिठ्ठ्या टाका. नाव न निघालेले हाच तुमचा तुलनेचा गट. दोन्ही गटांची शिक्षापत्रकं (आत बेशिस्तीबद्दल झालेल्या शिक्षांची नोंद) सहा महिने आधीची आणि सहा महिने नंतरची काढा.

कृष्णाकाठ
चिठ्ठ्यांचं पटलं. शिबिरानंतर आत काय चालू ठेवायचं?

गवतीचहा
रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास, आठवड्याला एक सामूहिक बैठक. त्यासाठी साधकांना एकाच बराकीत ठेवायची परवानगी आत्ताच, पहिल्या अर्जातच मागा. चार बराकींत विखुरले की टीव्हीच्या आवाजात कोणी बसत नाही.