लिंबॉच्या आधीची गोष्ट

अमेरिकेतला टॉक रेडिओ, म्हणजे गाण्यांऐवजी मतं आणि गप्पांचा रेडिओ, १९८८ साली रश लिंबॉ या उजव्या विचारांच्या निवेदकापासून सुरू झाला असं म्हणतात, ते अर्धंच खरं. १९८७ मध्ये एफसीसीने, म्हणजे तिथल्या प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, 'फेअरनेस डॉक्ट्रिन' हा नियम रद्द केला, वादाच्या विषयात दुसरी बाजू ऐकवायची सक्ती गेली आणि लिंबॉला रान मोकळं मिळालं, इथवर ठीक. पण गाणी तोवर जुन्या, खरखरीत एएम स्टेशनांवरून स्वच्छ आवाजाच्या एफएमवर पळाली होती. एएमवाल्यांकडे बडबडीखेरीज विकायला उरलं होतं काय?

धर्म-राजकारणाची मिसळ तर त्याहून जुनी. डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओकचे फादर कॉफलिन १९२६ पासून रेडिओवर. आधी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचे भाट, मग हाडवैरी, शेवटी उघड ज्यूद्वेष.

घरसंसाराचा विभाग मात्र जेम्स डॉब्सनचा, 'फोकस ऑन द फॅमिली', १९७७ पासून. हा माणूस पाद्री नव्हता, मानसशास्त्रज्ञ होता. ओहायोत होतो तेव्हा रात्री गाडीत एएम फिरवायचो. खरखरीतून एका स्टेशनवर हट्टी पोराला कसं वळण लावावं ते, बायबलच्या दाखल्यासकट. जरा पुढे सरकलं की कोणीतरी टॅक्सच्या नावाने शिमगा करतंय. आवाजातली आपुलकी दोन्हीकडे अगदी सारखी. डॉब्सनचे मुलांना फटका देण्याबद्दलचे विचार मला कधीच पटले नाहीत, तरी ऐकत राहायचो.